जस्ताचा थर किती वर्षे टिकेल? बडोद्याच्या हवेत अंदाज बांधण्याची रीत

मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत शेड उभारणारा कारखानदार असो किंवा मांजलपुरात गच्चीवर सौर पॅनेलचा सांगाडा बसवून घेणारा गृहस्थ असो, लोखंडावरच्या जस्ताबद्दल दोघांचाही प्रश्न एकच असतो: हे किती वर्षे टिकेल? विक्रेत्याकडून त्यावर एक गोल आकडा मिळतो आणि बहुतेक वेळा तो मिठाच्या फवाऱ्याच्या पेटीतून आलेला असतो. हा अंदाज शास्त्रशुद्ध रीतीने बांधता येतो, आणि त्यासाठी मोठी प्रयोगशाळाही लागत नाही. थराची खरी जाडी, त्या विशिष्ट जागेची हवा आणि सांगाड्यातला सर्वांत दुबळा भाग या तीन गोष्टी माहीत असाव्या लागतात. उत्तर मात्र एका आकड्यात येत नाही, ते 'इतक्यापासून इतक्यापर्यंत' असेच येते, आणि ज्याला एकच आकडा हवा असेल त्याची निराशा करण्यावाचून इलाज नाही.

फवाऱ्याच्या पेटीतले तास वर्षांत का बदलत नाहीत

या चाचणीत नमुना बंद पेटीत ठेवून त्यावर ५ टक्के मिठाचे पाणी ३५ अंश सेल्सिअसला सतत फवारले जाते. सगळा घोटाळा 'सतत' या शब्दात आहे. उघड्या हवेत जस्तावर प्रथम ऑक्साइड, मग हायड्रॉक्साइड आणि पुढे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे क्षारीय जस्त कार्बोनेटचा घट्ट, करडा पापुद्रा तयार होतो. तो तयार होण्यासाठी पृष्ठभाग आळीपाळीने भिजावा आणि वाळावा लागतो. हाच पापुद्रा जस्ताची झीज मंदावतो आणि जस्ताचे दीर्घायुष्य बव्हंशी त्याच्यामुळेच असते. पेटीत पृष्ठभाग कधी वाळतच नाही, त्यामुळे पापुद्रा धरत नाही आणि जस्त उघडेच विरघळत राहते. याउलट विजेच्या साहाय्याने चढवलेल्या जस्ताच्या पातळ थरावर, म्हणजे विद्युत मुलाम्यावर, क्रोमेट या क्रोमियमच्या संयुगाचा हात दिलेला असेल तर पेटीत तो दिमाखात टिकतो, पण उघड्यावर क्रोमेटचा उपयोग मुख्यतः साठवणीतला पांढरा गंज, म्हणजे ओलीने जस्तावर येणारी पांढरी भुकटी, टाळण्यापुरता आणि पहिल्या काही काळापुरताच असतो.

माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका पुरवठादाराने पेटीतल्या तासांचा कागद दाखवून आम्हाला विद्युत मुलाम्याचे नटबोल्ट विकले होते. आम्ही ते ॲसिडच्या टाकीजवळच्या एका मचाणाला लावले. दुसऱ्या पावसाळ्यानंतर त्यांतून लाल पाणी उतरू लागले. कागद खोटा नव्हता, पण आम्ही त्याला जो प्रश्न विचारला त्याचे उत्तर त्या कागदात नव्हते. पेटीचा उपयोग एकाच जातीच्या मालातला घाणेरडा लॉट पकडण्यासाठी करावा. वर्षांच्या हिशेबात ती आणू नये.

पहिले काम: जाडी मोजणे

जस्ताच्या थराचे आयुष्य ढोबळमानाने त्याच्या जाडीच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे कोणती प्रक्रिया वापरली यापेक्षा किती मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) जस्त बसले हे महत्त्वाचे ठरते. व्यवहारात वजन आणि जाडी असे दोन्ही आकडे कानावर येतात, म्हणून एक रूपांतर पाठ असावे: दर चौरस मीटरला ७.१४ ग्रॅम जस्त म्हणजे १ मायक्रॉन. वितळलेल्या जस्तात, म्हणजे सुमारे ४५० अंशाच्या कुंडात बुडवून काढलेल्या जाड अँगल-चॅनेलवर भारतीय मानकाप्रमाणे दर चौरस मीटरला ६१० ग्रॅम जस्त मागतात, तेव्हा ते सुमारे ८५ मायक्रॉन होते. आयएसओ १४६१ या आंतरराष्ट्रीय मानकामध्ये ६ मिलिमीटरपेक्षा जाड पोलादासाठी सरासरी ८५ आणि स्थानिक किमान ७० मायक्रॉन अशी जोडी दिलेली आहे. अंदाजासाठी यातला ७० हाच आकडा घ्यावा, कारण गंज सरासरी बघून येत नाही.

पत्र्याच्या बाबतीत एक फसगत वारंवार होते. '२७५ ग्रॅमचा पत्रा' म्हणताना ते वजन दोन्ही बाजूंचे मिळून असते. म्हणजे एका बाजूला साधारण १९ ते २० मायक्रॉनच जस्त मिळते, ३८ नव्हे. १२० ग्रॅमच्या पत्र्यावर तर एका बाजूला जेमतेम ८ मायक्रॉन येते. विद्युत मुलाम्याचे बोल्ट बहुधा ५ ते १२ मायक्रॉनचे असतात, तर कुंडात बुडवलेले बोल्ट ४० ते ५० मायक्रॉनपर्यंत जातात. दुकानाच्या काउंटरवर दोन्ही चकाकतात. उलट मुलाम्याचा बोल्ट जास्तच चकाकतो आणि गिऱ्हाईक तोच उचलते.

मोजणी चुंबकीय तत्त्वावर चालणाऱ्या जाडीमापकाने करावी. प्रत्येक सुट्या भागावर निदान पाच ठिकाणी वाचन घ्यावे आणि सर्वांत कमी वाचन वेगळे नोंदवावे. जुन्या सांगाड्यावर मोजताना आधी पृष्ठभाग कडक ब्रशने आणि पाण्याने स्वच्छ करावा, कारण हे यंत्र लोखंडापर्यंतचे अंतर मोजते आणि वर साचलेला पांढरा गंज, धूळ किंवा जुना रंग यांनाही जस्तच समजते. दहा वर्षे जुन्या थराची जाडी नव्यापेक्षा जास्त भरली, तर आनंद मानण्याआधी ब्रश मारून पाहावा.

पोलादात सिलिकॉन ०.०३ ते ०.१२ टक्क्यांच्या दरम्यान असेल, तर लोखंड आणि जस्त यांची प्रक्रिया बेफाम होते आणि थर जाड, करडा व काहीसा ठिसूळ बनतो. दिसायला तो ओबडधोबड असला तरी जस्त जास्त असल्यामुळे टिकाऊपणात तो बहुधा मागे पडत नाही. अशा थराच्या मिश्रधातूत लोखंड असते, म्हणून काही वर्षांनी त्यावर तपकिरी छटा येते. तो पोलादाचा गंज समजून लोक घाईघाईने रंग लावायला घेतात. त्याआधी जाडीमापक लावून पाहावे.

दुसरे काम: हवेचा वर्ग ठरवणे

आयएसओ ९२२३ हे मानक हवेचे सी-१ पासून सी-५ पर्यंत आणि त्यापुढे सी-एक्स असे वर्ग पाडते. जस्तासाठी पहिल्या वर्षाच्या झिजेच्या मर्यादा अशा आहेत: सी-१ मध्ये ०.१ मायक्रॉनपर्यंत, सी-२ मध्ये ०.१ ते ०.७, सी-३ मध्ये ०.७ ते २.१, सी-४ मध्ये २.१ ते ४.२, सी-५ मध्ये ४.२ ते ८.४ आणि सी-एक्स मध्ये ८.४ ते २५. एका वर्गाच्या खालच्या आणि वरच्या टोकात दुपटी-तिपटीचे अंतर असते, सी-२ मध्ये तर सातपटीचे. त्यामुळे 'आमची हवा सी-३ आहे' एवढ्यावर थांबणे म्हणजे उत्तर ०.७ की २.१ हे नशिबावर सोडणे होय.

हे टाळण्यासाठी त्याच मानकात हवामान आणि प्रदूषण यांवरून पहिल्या वर्षाची झीज काढण्याचे सूत्र दिले आहे. मराठी अक्षरांत ते असे मांडता येईल:

झीज = [०.०१२९ × स^०.४४ × ई^(०.०४६ × आ + फ)] + [०.०१७५ × क्ल^०.५७ × ई^(०.००८ × आ + ०.०८५ × ता)]

यात 'स' म्हणजे सल्फर डायऑक्साइडचे आणि 'क्ल' म्हणजे क्लोराइडचे निक्षेपण (पृष्ठभागावर येऊन बसणारे प्रमाण), दोन्ही दर चौरस मीटरला दर दिवशी मिलिग्रॅममध्ये. 'आ' ही वार्षिक सरासरी सापेक्ष आर्द्रता टक्क्यांत, 'ता' हे वार्षिक सरासरी तापमान सेल्सिअसमध्ये आणि 'ई' हा २.७१८ हा स्थिरांक आहे; '^' ही घाताची खूण. तापमान १० अंशांपेक्षा जास्त असेल तर 'फ' म्हणजे −०.०७१ × (ता − १०). थंड प्रदेशांसाठी 'फ' वेगळा आहे, बडोद्याला त्याचे काम नाही.

प्रदूषण नियंत्रण मंडळाचे सल्फर डायऑक्साइडचे आकडे हवेतल्या प्रमाणाचे, म्हणजे घनमीटरला मायक्रोग्रॅममध्ये असतात. त्यांना ०.८ ने गुणले की 'स' मिळतो. क्लोराइडचा आकडा असा तयार मिळत नाही. त्यासाठी पाण्यात बुडवलेल्या वातीसारखे ओले कापड ठराविक काळ हवेत ठेवून त्यावर जमलेले क्लोराइड मोजावे लागते.

उदाहरणादाखल शहरातल्या एका गच्चीसाठी तापमान २७, आर्द्रता ६०, 'स' १० आणि 'क्ल' ३ धरू. हे आकडे केवळ हिशेबासाठी गृहीत धरलेले आहेत. पहिला कंस सुमारे ०.१७ येतो, दुसरा ०.५३, आणि बेरीज सुमारे ०.६९ मायक्रॉन होते. म्हणजे आपण सी-२ आणि सी-३ यांच्या बरोबर कुंपणावर बसलो. आता फक्त आर्द्रता ६० ऐवजी ७५ धरली, तर बेरीज ०.९३ होते. आर्द्रता ६० वरच ठेवून क्लोराइड ३ ऐवजी ५ केले, तर ०.८७. खंबातचे आखात शहराला लागून नसले तरी मिठाचा वाटा नगण्य मानता येत नाही, हे या आकड्यांवरून दिसते, कारण दुसऱ्या कंसात तापमान घातांकात बसले आहे आणि आपल्याकडचा उन्हाळा त्याला हात देतो. सल्फरच्या कंसात मात्र तेच तापमान उलट काम करते, कारण उन्हात पृष्ठभाग लवकर वाळतो.

हे सूत्र वापरताना दोन पथ्ये पाळावीत. एक म्हणजे त्यात वार्षिक सरासरीच घालावी. आपल्याकडे चार महिने पावसाळी दमटपणा आणि बाकी काळ कोरडेपणा असतो, म्हणून महिन्यागणिक हिशेब करून बेरीज घ्यावी असा मोह होतो, पण सूत्र वार्षिक सरासऱ्यांवर बसवलेले असल्याने तसे केल्यास चूक सुधारण्याऐवजी वाढते. दुसरे म्हणजे सूत्राच्या मुळाशी असलेल्या तापमानाच्या नोंदी २८.७ अंशांपर्यंतच आहेत, म्हणजे बडोदे त्या मर्यादेच्या वरच्या कडेजवळ येते. शिवाय मानकच सांगते की या सूत्राचे उत्तर ३३ टक्के खाली आणि ५० टक्के वर असू शकते. आपल्या उदाहरणातले ०.६९ म्हणजे प्रत्यक्षात ०.४६ ते १.०४ यांच्या मधले काहीही.

जुन्या पुस्तकांतले औद्योगिक हवेचे आकडे सरसकट उचलू नयेत, हेही येथेच सांगितले पाहिजे. ते बहुतांशी कोळशाच्या धुराने भरलेल्या युरोपीय शहरांचे आहेत आणि तिथले गंधक घटले तशी जस्ताची झीजही घटली. आपल्याकडेही एप्रिल २०२० पासून वाहनांच्या इंधनात गंधकाची मर्यादा दशलक्षात १० भाग इतकी खाली आली आहे.

तिसरे काम: जागेवरच वर्षभर पट्टी टांगणे

सूत्राचा पट्टा इतका रुंद असेल, तर तो अरुंद करण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे शुद्ध जस्ताच्या पट्ट्या त्याच जागी वर्षभर ठेवणे. एवढ्या खात्रीचे उत्तर दुसऱ्या कोणत्याही मार्गाने मिळत नाही, म्हणून या कामाला मी सर्वांत जास्त वेळ देतो. १०० बाय १५० मिलिमीटरच्या, साधारण १ मिलिमीटर जाडीच्या चार पट्ट्या कापून घ्याव्यात, त्यांवर ठोकून क्रमांक घालावेत, तेलकटपणा काढावा, वाळवाव्यात आणि दशांश मिलिग्रॅमपर्यंत वजन करावे. तीन पट्ट्या बाहेर ठेवाव्यात आणि चौथी सुक्या डबीत सांभाळावी.

पट्टी दक्षिणेकडे तोंड करून ४५ अंशांच्या तिरकसपणे प्लॅस्टिकच्या किंवा चिनीमातीच्या खोबणीत बसवावी. लोखंडी वा तांब्याच्या तारेने ती कधीही बांधू नये. सुरुवात जूनच्या पहिल्या आठवड्यात करावी, म्हणजे पापुद्रा धरण्याआधीच पावसाळा गाठतो आणि वर्षाचा आकडा सुरक्षित बाजूला झुकतो. गच्चीवर चौकट ठेवायची तर तिला चारी बाजूंनी जाळी लावावी. उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या, दोन दिवसांत बडोद्याच्या गच्चीवर काय काय तुडवले जाते आणि मांजा कशाकशात अडकतो, हे इथल्या माणसाला सांगायला नको.

वर्ष संपल्यावर पट्टीवरची गंजाची द्रव्ये रासायनिक रीतीने काढावी लागतात. आयएसओ ८४०७ मध्ये त्यासाठी ग्लायसीनचे लिटरला २५० ग्रॅमचे द्रावण, साध्या खोलीच्या तापमानाला, १ ते १० मिनिटे असा विधी आहे. एकदा बुडवून समाधान मानू नये. बुडवणे, धुणे, वाळवणे, वजन करणे हा फेरा चार-पाच वेळा करावा आणि प्रत्येक वेळचे वजन आलेखावर मांडावे. सुरुवातीला वजन भराभर घटते, ती गंजाची द्रव्ये असतात. नंतर रेघ जवळजवळ सपाट होते, तेव्हा शुद्ध जस्तच थोडे थोडे विरघळत असते. ती सपाट रेघ मागे वाढवून शून्य फेऱ्यांपाशी आणली की खरी घट मिळते. डबीतल्या चौथ्या पट्टीलाही तेच फेरे द्यावेत, म्हणजे द्रावण स्वतः किती जस्त खाते ते कळते.

दोन्ही बाजू मिळून अशा पट्टीचे क्षेत्रफळ ०.०३ चौरस मीटर होते, म्हणून दर मायक्रॉनला सुमारे ०.२१ ग्रॅम घट येते. पट्टीचे वजन शंभरेक ग्रॅम असते. भाजीवाल्याचा इलेक्ट्रॉनिक काटा इथे कामाचा नाही, पण कोणत्याही महाविद्यालयाच्या रसायनशाळेत चालेल असा काटा असतो.

चौथे काम: वर्षांचा हिशेब

पापुद्र्यामुळे झीज वर्षागणिक मंदावते. आयएसओ ९२२४ मध्ये हे असे मांडले आहे की एकूण झीज म्हणजे पहिल्या वर्षाची झीज गुणिले वर्षांच्या संख्येचा घात. जस्तासाठी तो घातांक सर्वसाधारण ०.८१३ आणि सावध अंदाजासाठी ०.८७३ आहे. वीस वर्षांनंतर घाताचा नियम सोडून त्या क्षणाचा दर कायम धरतात. मी नेहमी ०.८७३ घेतो, आणि शेजारी निव्वळ सरळ भागाकारही लिहितो, म्हणजे दर कधीच मंदावला नाही तर काय होईल ते समोर राहते.

सूत्राच्या वरच्या टोकाजवळचा, पहिल्या वर्षाला १ मायक्रॉन हा दर घेऊ. २० मायक्रॉनचा पत्रा सरळ भागाकाराने २० वर्षे आणि घाताच्या नियमाने सुमारे ३० वर्षे टिकतो. ८ मायक्रॉनचा बोल्ट ८ ते ११ वर्षे. ७० मायक्रॉनचा अँगल मात्र ७० ते ११४ वर्षे असे उत्तर देतो, आणि इथे लेखणी थांबवावी. शंभर वर्षे तीच हवा, तेच शेजारी आणि तोच वापर राहील असे गृहीत धरणे हा अंदाज नव्हे, ज्योतिष आहे. अशा वेळी '५० वर्षांहून अधिक, हवा न बदलल्यास' एवढेच लिहावे.

हाच हिशेब पहिल्या वर्षाला ३ मायक्रॉन, म्हणजे सी-४ धरून केला, तर अँगल २३ ते ३६ वर्षे, पत्रा ७ ते ९ वर्षे आणि बोल्ट जेमतेम ३ वर्षे टिकतो. बोल्टवर बचत केलेले पैसे कुठे जातात ते यावरून कळते.

नंदेसरीसारख्या रासायनिक वसाहतीत किंवा पिकलिंगच्या (ॲसिडने पोलाद साफ करण्याच्या) टाकीजवळ वरचे सूत्र आणि घातांक दोन्ही बाजूला ठेवावेत. हायड्रोक्लोरिक ॲसिडची वाफ, क्लोरीन, अमोनियम क्षारांची धूळ यांचा विचार त्या सूत्रात नाही, आणि पृष्ठभागावरच्या ओलीचा पीएच ६ च्या खाली गेला (ती आम्लधर्मी झाली) की पापुद्रा टिकत नाही, म्हणजे दर मंदावण्याचे कारणच उरत नाही. तिथे पट्टीचा आकडा आणि सरळ भागाकार एवढेच खरे. पट्टीसुद्धा कारखान्याच्या फाटकाशी नव्हे, त्या टाकीपाशीच टांगावी.

दुबळ्या जागा

शहराची हवा एक असली तरी एकाच शेडवर चार हवा असतात. पावसाने धुतली जाणारी बाजू आणि पन्हाळीखालची न धुतली जाणारी बाजू यांत दुसरी बहुधा वाईट ठरते, कारण तिथे मीठ आणि धूळ साचत राहते. दोन अँगल एकमेकांवर चिकटून बसतात त्या फटीत पाणी आठवडाभर राहते आणि हवा पोहोचत नाही, त्यामुळे पापुद्रा धरत नाही. पावसाळ्यात एकमेकांवर रचून ठेवलेल्या पत्र्यांवर पांढरा गंज येतो तो याच कारणाने. वातानुकूलन यंत्राचे पाणी थेंब थेंब पडते ती जागा बारा महिने पावसाळ्यातच असते. कबुतरांचा वावर असलेल्या तुळईवर विष्ठेचा थर ओल धरून ठेवतो. सर्वांत वाईट म्हणजे तांबे. आकाशातली वीज जमिनीत उतरवणाऱ्या तांब्याच्या पट्टीवरून ओघळलेले पाणी जस्तावर पडू लागले, तर त्या रेघेवरचा थर आजूबाजूच्या मानाने फारच लवकर संपतो.

या जागा हिशेबात आणण्याची माझी पद्धत साधी आहे: शेड उभी राहिल्यावर पहिल्या मोठ्या पावसानंतर दुसऱ्या दिवशी दुपारी फेरी मारावी आणि जे अजून ओले आहे त्यावर खडूने खूण करावी. तेवढ्या जागांसाठी हवेचा वर्ग एक पायरी वर धरावा. हे कोणत्याही मानकात लिहिलेले नाही, अनुभवाचे आहे.

जमिनीखालच्या भागाला वरचा एकही आकडा लागू नाही. काळ्या मातीत ओल, क्षार आणि विद्युत रोध यांवर सगळे ठरते आणि त्याचे मोजमाप निराळे असते. सांगाड्याचा पाय मातीतून वर येतो तिथे, जमिनीच्या खाली-वर वीतभर, काँक्रीटचा चौथरा द्यावा किंवा रंग लावावा. ओले काँक्रीट सुरुवातीला जस्ताला थोडे खाते, पण सुकल्यावर ते मातीपेक्षा कितीतरी चांगले ठरते.

अंदाज कागदावर कसा उतरवावा

आयुष्य 'संपले' म्हणजे काय, हे आधी लिहावे. पहिला लाल ठिपका दिसणे, ५ टक्के पृष्ठभागावर लाल गंज येणे आणि रंग लावण्याइतका थर शिल्लक असणे ही तीन वेगळी टोके आहेत, आणि त्यांत काही वर्षांचा फरक पडतो. मालकाच्या दृष्टीने तिसरे टोक उपयोगाचे आहे, कारण २० ते २५ मायक्रॉन जस्त शिल्लक असताना रंग लावला तर तो धड बसतो. लाल गंज आल्यावर आधी खरवडण्याचा खर्च अंगावर येतो. म्हणून आपल्या ७० मायक्रॉनच्या अँगलमधले ४५ ते ५० मायक्रॉनच हिशेबात घ्यावेत.

त्यानंतर पट्टीचा मोजलेला दर, तारखा, पट्टी टांगल्याची जागा, जाडीमापकाची किमान वाचने, वापरलेला घातांक आणि खडूच्या खुणांचा नकाशा हे सगळे एका वहीत ठेवावे. जाडीमापकाने दरवर्षी मोजण्यात अर्थ नाही, कारण १ मायक्रॉनची घट त्या यंत्राच्या चुकीतच लपून जाते. पाचव्या आणि दहाव्या वर्षी, त्याच खुणेवर, त्याच यंत्राने मोजावे. वही कारखान्याच्या कार्यालयात न ठेवता देखभाल खात्यात ठेवावी, आणि यंत्राचा क्रमांक पहिल्या पानावर लिहावा, कारण दहा वर्षांत माणूस बदललेला असतो आणि यंत्रही.